अंगठ्याचा खळगा

मन्सूरा, २४ ऑगस्ट

शिहाता,

सलाम, तब्येत, बायकोमुलं कशी आहेत, हे सगळं मी विचारलं असं समज. ते लिहीत बसले तर मुद्द्यावर यायच्या आधीच मला राग येईल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी इद्रीसच्या हाती देते आहे. तोच इद्रीस, मन्सूरा ते टांटा मायक्रोबस चालवणारा, ज्याच्या गाडीचं दार दोरीने बांधलेलं असतं. आपल्या गल्लीच्या तोंडाशीच त्याचा थांबा आहे, तेव्हा पोचलं नाही असं म्हणू नकोस.

मला तीन ओळी लिहून पाठव. बाबांच्या काचवडीला साखर किती, पाणी किती आणि लिंबू कधी पिळायचं. बस. कशाला हवं ते विचारू नकोस. सहज हवं आहे.

बाबांच्या भट्टीपाशी मला कधी येऊ दिलं नाही, हे तुला आठवत असेल. "पोरींची ओढणी पेटते," म्हणायचे. तुझी विजार दोनदा पेटली, त्याचं काही नाही. मी आपली मागच्या खोलीत बसून खोके बांधायची. त्यामुळे छत्तिसाव्या वर्षी सासरच्या माणसांना मी हलवायाची लेक म्हणून ठाऊक आणि मला साधा पाक येत नाही.

परवा बाजारातून येताना बयूमीकाकांच्या दुकानाशी जरा थांबले होते. पैगंबरांचा जन्मदिवस जवळ आला ना, मौलिदच्या मिठाईचा मांडव लागलाय त्यांचा, लाल कागद, साखरेच्या बाहुल्या, घोडेस्वार, सगळं. मी सहज विचारलं, टांट्याचा माल आला का? तर म्हणाले, "यंदा नाही, बाई. तुमच्या भावानं भट्टीच पेटवली नाही." का, म्हटलं. "आता भाऊ तुमचा, आणि विचारता मला?"

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी आल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल भेंडीत दोनदा मीठ घातलं. भट्टी का पेटवली नाहीस? ते लिहायचं नसेल तर लिहू नकोस, पाकाचं तेवढं लिही.

कौसर


मन्सूरा, ३० ऑगस्ट

शिहाता,

सहा दिवस झाले. इद्रीसला रोज गाठते. "दिली, बाई. त्यांच्या हातात दिली." मग काय म्हणाला? "काही नाही. वाचली आणि खिशात ठेवली." चेहरा कसा होता? "बाई, मी ड्रायव्हर आहे, मला चेहऱ्यातलं काय कळतं?" आणि असं म्हणून तो माझ्याकडे न बघता टायर तपासायला लागला. टायर चांगला होता.

ठीक आहे. तुझ्यावाचून माझं अडलेलं नाही. मी सुरुवात केली.

आमच्या वरच्या मजल्यावर मार्सेल राहते. शाळेत गणित शिकवायची, आता घरीच असते. तिच्या ओट्याला खरा संगमरवर आहे. सकाळी नवरोबा फिक्री कचेरीत गेला आणि सासूबाई मधल्या नणंदेकडे निघाल्या, की मी साखर पिशवीत लपवून वर जाते. माझ्याच घरी का नाही करत, ते पुढे सांगते. की आत्ताच सांगू? सांगतेच, नाहीतर रात्रभर तेच डोक्यात फिरत राहील.

मौलिदला सुनेच्या माहेरून मिठाईचा खोका येतो. बाप असेपर्यंत बाप पाठवतो, बाप गेला की भाऊ. ज्या सुनेला खोका येत नाही तिच्यामागे कुणी नाही, आणि जिच्यामागे कुणी नाही तिला घरातलं मांजरसुद्धा ऐकवून जातं. माझी जाऊ सफा तर मौलिदच्या आधी आठवडाभर दाराशी खुर्चीच टाकून बसते, कुणाचा खोका किती मोठा ते बघायला. हे तुला ठाऊक आहे, शिहाता. ठाऊक असूनही सहा वर्षं तू खोका पाठवला नाहीस.

आणि सहा वर्षं या घरात तुझा खोका आला. दरवर्षी. मी बयूमीकाकांकडून तुझाच माल घ्यायचे, काचवडी, तिळाची, डाळ्याची, सगळं, आणि एखाद्या हमालाच्या हाती घरी पाठवायचे. "टांट्याहून आलंय, कौसरच्या भावाकडून." सगळ्यांसमोर खोका उघडायचा, आणि मी म्हणायचे, "अगं बाई, एवढं कशाला पाठवलं त्यानं!" काय नाटकी आहे मी. तुझ्या चांगुलपणाची सहा वर्षं इतकी तारीफ केली की मलाच अधूनमधून ते खरं वाटायचं.

एक मात्र खोटं नव्हतं. काचवडीवर बाबा अंगठा दाबायचे ना, वडी गरम असताना, मधोमध? तसाच खळगा तुझ्याही वडीवर असायचा. बाबांच्यापेक्षा रुंद, एका बाजूला कललेला. सगळे झोपायला गेले की मी एक वडी हातात घेऊन त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून बसायचे. तेवढ्यावरून मला कळायचं की तू बरा आहेस.

यंदा तेही नाही. आणि यंदा खोका आला नाही तर सहा वर्षांचं सगळं उघडं पडेल. दुसऱ्या कुणाचा माल चालणार नाही, आमच्या घरात सगळे त्या खळग्यावरून तुझी वडी ओळखतात. म्हणून मी ती करते आहे.

पहिला घाणा: पाक उकळत असताना मी ढवळत राहिले, मेहनती बाईसारखी. सगळी साखर फुटून पुन्हा रवा झाला. मार्सेल म्हणाली, "एवढ्या कष्टाने तू साखरेची साखर केलीस, कौसर."

लिंबू कधी?

कौसर


मन्सूरा, ५ सप्टेंबर

शिहाता,

लिंबू आधीच पिळायचं, साखर विरघळताना. आणि नंतर चमचा लावायचा नाही. कळलं माझं मला. तीन घाणे वाया घालवून कळलं.

दुसरा घाणा घाईने उतरवला. दिसायला देखणा, पण दाताला असा चिकटला की मार्सेलची दाढेवरची टोपी निघून आली. तिने ती धुतली, रुमालात बांधली आणि म्हणाली, "आता नीट होईपर्यंत तुझी सुटका नाही." तिसरा जळला. कडू, काळा, आणि घरभर असा वास की खालून, लवकर परतलेल्या सासूबाईंनी ओरडून विचारलं, "मार्सेलबाई, कुणाला जाळताय?" मी वर, ओट्यामागे खाली बसलेली. या वयात!

चौथ्याला मी थंड पाण्याची वाटी घेऊन बसले, बाबा ठेवायचे तशी. थेंब टाकायचा, काढायचा, दाताखाली धरायचा. वाकला तर थांबायचं. पुन्हा टाकायचा. नंतर एक वेळ अशी येते की थेंब पाण्यात पडताच तडकतो, आणि तिथून पुढे फार तर पाचसहा श्वास असतात. तेवढ्यात उतरवला तर सोनं, नाहीतर काळं.

तर नेमक्या त्याच वेळी फिक्रीचा फोन वाजायला लागला. मी उचलला नाही. पुन्हा वाजला. पुन्हा. मार्सेल म्हणाली, "अगं घे, काही झालं असेल." मी म्हटलं, "पाक उतरू दे." असं म्हटलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. आवाज माझा होता, पण वाक्य बाबांचं होतं.

फोनचं काही नव्हतं. फिक्री मधेच घरी आला होता आणि त्याला निळा शर्ट सापडत नव्हता.

पाक ओतला, पसरला, सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडले आणि मग अंगठा दाबला. आई गं, शिहाता! अंगठ्याची कातडी वडीला चिकटूनच वर आली. बाबा एका वेळी दोनशे वड्या कशा दाबायचे? तू कसा दाबतोस? उजव्या अंगठ्याला हा एवढा फोड आलाय. घरी सांगितलं की घेवड्याच्या हंडीची वाफ लागली. सासूबाईंनी बोट हातात घेऊन बघितलं, म्हणाल्या, "वाफेचा फोड एवढा गोल?" आणि टूथपेस्ट लावून दिली.

त्या दिवसाबद्दल तुला एक सांगायचं होतं. बाबा गेले त्या दिवसाबद्दल. मी मातमाला जमलेल्या बायकांसमोर, आत्यांसमोर, दारात उभी राहून तुला म्हणाले होते ना, की बापाला आगीपाशी एकटं सोडून हा कॅफेत मॅच बघत बसला होता. याने मारलं त्यांना, असं म्हणाले होते. तू ऐकलंस आणि बाहेर निघून गेलास. मला वाटलं होतं तू भांडशील.

जाऊ दे. पुढच्या वेळी लिहीन. ओला हात लावून दाबायचं असतं का? की तेल?

कौसर


मन्सूरा, १० सप्टेंबर

शिहाता,

काल खोका आला. म्हणजे मी आणवला. इद्रीसला वर बोलावलं, पढवून ठेवलं होतं. बिचारा घामाघूम होऊन दारात उभा राहिला आणि सफासमोर म्हणाला, "टांट्याहून. कौसरबाईंच्या भावानं पाठवलंय. त्यांनी स्वतः." 'स्वतः' मी पढवलं नव्हतं.

माझ्या काचवड्या वरच्या थरात होत्या, खाली बयूमीकाकांकडची तिळाची आणि डाळ्याची. मी नेहमीसारखं "एवढं कशाला पाठवलं" म्हटलं.  सासूबाईंनी चष्मा लावला, एक काचवडी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, फिरवली, आणि म्हणाल्या,

"काय गं कौसर, तुझ्या भावाचा अंगठा यंदा वाळला की काय?"

 सफा लगेच पुढे झाली. "बघू, बघू! खरंच की, केवढासा खळगा! हा माल त्यांचा नाहीच."

आणि सासूबाईंनी ती वडी अख्खी तोंडात टाकली, गालात धरली, वर चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "खा मुकाट्यानं. टांट्याचा माल आहे. मी पंचवीस वर्षं खातेय, मला शिकवू नकोस." सफाने खाल्ली. दुसरी मागून घेतली.

नंतर मी भांडी घासत होते, तर मागून आल्या. "सहा वर्षं खोक्याला बयूमीच्या दुकानाचा दोरा असतो," म्हणाल्या. "भावांची गाठ वेगळी असते, पोरी. आणि आता मला दोऱ्याचं नकोय. तुझा भाऊ बरा आहे ना, तेवढं सांग. बाप भट्टीवर गेला, आणि आता हा अंगठा नाही. माझ्या जिवाला लागून राहिलंय."

मी तशीच ओल्या हाताने खाली धावले. इद्रीसची गाडी भरत होती. मी दाराची दोरी धरून उभी राहिले, म्हटलं सांगितल्याशिवाय गाडी हलू देणार नाही. आतले प्रवासी ओरडायला लागले. एक बाई म्हणाली, "सांगून टाक रे बाबा, मला दवाखान्यात जायचंय." तेव्हा तो म्हणाला, "मला शपथ घातलीय त्यांनी. छातीत जाळी बसवलीय, बाई. रमजान संपल्यावर. मी चिठ्ठी घेऊन जातो तेव्हा खिडकीशी खुर्चीत बसलेले असतात."

आणि मी तुला विचारत होते लिंबू कधी पिळायचं.

तो म्हणाला, तू भट्टीवर होतास. घाणा अर्ध्यात होता. छातीत कळ आली आणि तू सगळं तसंच आगीवर टाकून रस्त्यावर आलास, रिक्षा थांबवलीस आणि दवाखान्यात गेलास. मागे पाक जळाला, बाबांच्या तांब्याच्या कढईला भोक पडलं. शेजाऱ्यांनी आग विझवली. खरं का हे?

बरं केलंस. बरं केलंस, शिहाता. शंभर कढया जळू देत.

आज आणखी लिहवत नाही. इद्रीस खाली हॉर्न वाजवतोय.

कौसर


मन्सूरा, ११ सप्टेंबर

शिहाता,

आता हे लिहिते आणि मग तू पत्र फाड, ठेव, काय वाटेल ते कर.

त्या दिवशी दुपारच्या नमाजाच्या सुमारास बाबांचा मला फोन आला होता. मी वांगी तळत होते. म्हणाले, "कौसर, छातीत सकाळपासून जळजळतंय. डाव्या हाताला मुंग्या येतायत." मी म्हटलं, "बडीशेपेचा काढा घ्या. रात्री जड खाल्लं असेल." आपल्याकडे पोटदुखीपासून घटस्फोटापर्यंत सगळ्याला बडीशेपेचाच काढा, नाही का. मी म्हटलं, "बसा जरा." ते म्हणाले, "पाक उतरू दे, मग बसतो." आणि मी बरं म्हटलं. बरं म्हटलं आणि फोन ठेवला, कारण वांगी करपत होती.

मी तुला फोन केला असता तर तू दहा मिनिटांत पोचला असतास. कॅफे काय, पलीकडच्या गल्लीत. पण मला ते सुचलंच नाही, आणि संध्याकाळी बातमी आली तेव्हा माझ्या कानात फक्त "पाक उतरू दे" एवढंच होतं. ते कुणाच्या तरी अंगावर टाकल्याशिवाय मला उभं राहता येईना. तू समोर दिसलास. तू धाकटा, आणि तुझ्या गळ्यात अजून टीमचा रुमाल होता.

हे मी फिक्रीला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. सहा वर्षं तुझ्यावर रागावले आहे असं दाखवलं, म्हणजे मला कुणी काही विचारायला नको. खोके विकत घेतले तेही इज्जतीसाठी, असं मी तुला लिहिलं. ते अर्धंच खरं. खळगा बघायचा असायचा मला.

तू निरपराध होतास. मी ते सगळ्यांसमोर बोलले होते, तर हेही सगळ्यांसमोर बोलेन. आत्यांना बोलाव, मी येते.

सोबत खोका पाठवते आहे. बहिणीने भावाला मौलिदचा खोका पाठवायचा, असं कुठे कुणी ऐकलंय? सफाला कळलं तर तिला हसून हसून उचकी लागेल. पाठवते आहे. सगळ्या माझ्या हातच्या आहेत, सहाव्या घाण्याच्या. मन्सूऱ्याच्या हवेत त्यांना पाणी सुटतं, म्हणून कॉर्नफ्लॉवर भुरभुरवलं आहे. डॉक्टरने साखर बंद केली असेल तर खाऊ नकोस, नुसत्या बघ.

ताई


मन्सूरा, १७ सप्टेंबर

शिहाता,

मौलिद होऊन गेला. दोन दिवस गॅलरीतून खाली बघत होते, इद्रीसच्या गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस मला तूच वाटायचा. एका जाड्या माणसाला तर मी हाकसुद्धा मारली. सासूबाई म्हणाल्या, "गॅलरीतून पडशील, मग भावाला मातमाला यावं लागेल." आणि त्याही येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

काल इद्रीस खोका घेऊन वर आला. माझाच खोका, माझीच गाठ कापून दुसरी बांधलेली. उघडायच्या आधी हलवून बघितला, तर आत काहीतरी खडखडलं. वाटलं, वड्या परत पाठवल्यास. माझ्याने बसवेना, उभ्यानेच दोरा तोडला.

आत बाबांची सुरी. लाकडी मूठ, पितळेचं कडं, पात्याला मधोमध झीज. भोवती तुझी चिठ्ठी गुंडाळलेली, वहीच्या कागदावर, शाळेत लिहायचास तसं वाकडं अक्षर. चार ओळी. मी त्या मोठ्याने वाचल्या, कारण सासूबाईंनी "काय लिहिलंय, काय लिहिलंय" करून माझा हात ओढला:

"ताई, त्या दुपारी बाबांनी मलाही फोन केला होता. मी म्हणालो बडीशेपेचा काढा घ्या, मॅच संपली की येतो. तू दारात जे बोललीस ते मला खरंच वाटलं, म्हणून खोका पाठवायला तोंड नव्हतं. वड्या चांगल्या आहेत, पण उजवा अंगठा लावतेस. सुरी उजव्या हातात असते, अंगठा डावा लावायचा."

 सासूबाई चष्मा काढून ओढणीने पुसत राहिल्या, मग चहा टाकायला उठल्या. नंतर आतून त्यांचा आवाज आला, "दोघंही गाढवं."

शिहाता, मी आज सकाळी वर गेले. सातवा घाणा. सुरी उजव्या हातात, डावा अंगठा, तुकडा पाडायचा आणि लगेच दाबायचा. पाक आधी थोडा निवू द्यायचा, मग भाजत नाही. आणि खळगा कलतो, तुझा कलायचा त्याच बाजूला.

शुक्रवारी मी इद्रीसच्या गाडीने येते आहे. सासूबाईही येतात म्हणतायत, मला काही त्यांना अडवता येणार नाही. दार उघडायला उठू नकोस, खुर्चीतच बस. दार मी उघडीन.

ताई